मूठभर गहू

मनीषाच्या आजाराला गोळी नव्हती, आणि घरातली सगळी कटकट तिथूनच सुरू झाली.

गोळी असती, सलाईनची बाटली असती, नाहीतर दंडात टोचायचं काही असतं, तर तिची सासू साखराबाईनं एक वेळ चुकू दिली नसती. सुनेला घेऊन त्या बाईनं परतूरच्या दवाखान्याच्या किती खेपा घातल्या होत्या. रक्तवाढीच्या बाटल्या लावून झाल्या, गूळ-शेंगदाणे झाले, खजूर झाला, शेळीचं दूध झालं. रक्त काही वाढत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा पाण्याचे दोन हंडे एकावर एक घेऊन वेशीतून ताठ येणारी मनीषा आता अर्धी कळशी आणताना वाटेत दोनदा टेकायची. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि घटकाभरात टमरेल घेऊन पळावं लागायचं. पऱ्हाटीत निंदताना ती ओळीच्या मध्येच उठून नाल्याकडं गेली की बाकीच्या बाया एकमेकींकडं बघायच्या. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटात टिकलं नाही.

शेवटी नवऱ्यानं, शिवशंकरनं, तिला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटात नळी घालून बघितलं, रक्त तपासलं आणि समोर बसवून सांगितलं की, हिला गहू चालत नाही. गव्हामुळं आतडं आतून झिजलंय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त भरत नाही, गर्भ टिकत नाही. पोळी नको, रवा नको, मैदा नको, शेवया नकोत, बिस्कीट नको. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका खुशाल खा. पण गव्हाचा कणसुद्धा जन्मभर पोटात जाता कामा नये. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या काही दिवस दिल्या. पण त्या मूळ आजाराच्या नव्हेत हेही बजावलं.

“मंग मूळ आजाराला औषध कोणतं?” शिवशंकरनं विचारलं.

“हेच औषध,” बाई म्हणाल्या. “जेवण.”

परतताना वाटूर फाट्यावर एसटी थांबली. शिवशंकर खाली उतरला आणि नेहमीच्या सवयीनं चहा आणि खारी घेऊन आला. खारी तिच्या हातात दिली. मनीषानं ती तशीच धरून ठेवली. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं ती परत घेतली आणि खिडकीकडं तोंड करून स्वतःच खाल्ली. 

घरी साखराबाई पिशवी उचकून औषध शोधत होती. शिवशंकरनं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली की, एवढ्या लांब गेले, एवढा खर्चा केला, आणि डॉक्टरनं घरचंच अन्न बंद करून धाडलं होय? सासरा रायभान पायरीवर तंबाखू मळत होता. त्याचं म्हणणं, गव्हानं माणूस मरतंय हे त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सगळं जग गहू खातंय.

त्यात त्यांचीही चूक म्हणावी तर म्हणता येत नव्हती. रायभानचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्याचा बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचा तो मिरगालाच परत यायचा, आणि वाटेत ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्यानं दिलेली ज्वारी हेच त्यांचं अन्न. गव्हाची पोळी सणाला. पुढं मेंढरं कमी झाली, शेतात विहीर झाली, घरचा गहू आला, रेशनवरही गहू मिळू लागला. रायभानचे दात गेले तशी भाकर चावेना, पोळीच बरी वाटायची. मग घरात दोन्ही वेळा पोळ्याच होऊ लागल्या. ज्वारी गावातून अशी गेली, की कोणी पेरत असेल तर लोक विचारायचे, काऊन, जनावरं लई झाली का?

त्या पोळ्या करायच्या मनीषालाच होत्या. साखराबाईचे गुडघे धरलेले, तिला चुलीपुढं फार वेळ बसवत नव्हतं. सकाळी मनीषा परातभर कणीक मळायची, सगळ्यांच्या पोळ्या लाटून भाजून डब्यात ठेवायची. मग हात कोपरापर्यंत धुवायचे, नखांत काडी घालून पीठ काढायचं, ओटा पुसायचा, आणि स्वतःसाठी बाजूला ठेवलेला तवा काढून दोन भाकरी थापायच्या. तोवर सगळ्यांची जेवणं झालेली असायची. तिनं तवा वेगळा केला, काठवट वेगळी केली, तेव्हा साखराबाई तोंडानं काही बोलली नाही. फक्त शेजारणीशी बोलताना, आमच्या सुनेचं आता सोवळं सुरू झालंय, असं हसून सांगू लागली.

गावातही तसंच झालं. एका घरी सत्यनारायण होता. मनीषाच्या हातावर शिऱ्याचा द्रोण ठेवला. तिनं कपाळाला लावला आणि पदराआड धरून घरी आणला, मेंढरांपुढं टाकला. कुणीतरी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून हापशावर बाया बोलणं थांबवून तिला वाट देऊ लागल्या. एक जण तोंडावरच म्हणाली, आजारी माणूस काय आम्ही बघितला न्हाई का? आजारी माणसाला गोळी असती. ही तर आमच्या घरच्या परसादाला नाक मुरडती.

 मनीषाचा हात मोडला असता तर गळ्यात अडकवून दाखवता आला असता. ताप असता तर कपाळाला हात लावा म्हणता आलं असतं. आतडं कोणाला दाखवणार?

ज्वारी वाटूरच्या बाजारातून आणावी लागायची, आणि दळणाचा घोळ त्याहून मोठा होता. गिरणी गावात एकच, नजीरभाईची. दिवसभर तिथं गहूच दळला जायचा. गिरणीच्या दोन्ही दगडांत, पत्र्याच्या तोंडात, कापडाच्या पिशवीत, जिथं तिथं गव्हाचं पीठ. मनीषा डोक्यावर टोपलं घेऊन पहिल्या दिवशी गेली आणि माझं आधी दळा, गिरणी झाडून दळा, म्हणाली. लाईट नुकतीच आली होती, पुढं बायांची रांग होती. त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. आमच्या गव्हाचा इटाळ होतो का तुला, असं एकीनं विचारलं आणि बाकीच्या हसल्या. मनीषा टोपलं घेऊन बाहेर उन्हात उभी राहिली.

गर्दी सरल्यावर नजीरभाईनं तिला आत बोलावलं. त्याची बायको गौहर वजनकाट्यापाशी बसलेली होती, तिनं पाणी दिलं. नजीरभाईनं काय आजार आहे ते सगळं विचारून घेतलं. मग खरं ते सांगितलं.

“सूनबाई, झाडून काय होत न्हाई. दगडाच्या खाचंत पीठ बसतंच. मी दगड काढून टाकी मारतो ना, त्या दिशी या. बिलकुल साफ असतंय. पैलं दळण तुमचं.”

टाकी मारणं म्हणजे छिन्नी-हातोडीनं दगडाच्या झिजलेल्या खाचा परत कोरणं. ते काम रोजचं नव्हे. कधी दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानं. टाकी मारली की पहिल्या दळणात दगडाची कच येते, म्हणून मनीषा आधी ओंजळभर ज्वारी घालायची आणि ते पीठ कोंबड्यांसाठी गौहरला द्यायची. मग महिन्याभराचं पीठ एकदम दळून आणायची. महिन्याभराच्या पिठात काय जीव राहणार? आठ-दहा दिवसांत त्याची विरी जायची, चिकटपणा राहायचा नाही. थापता थापता भाकरी कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे व्हायचे. मनीषा उकळत्या पाण्यात पीठ भिजवायची, बोटं पोळून घ्यायची, तरी शेवटी पोटात जायचे ते तुकडेच.

पण अंगात फरक पडत होता. दिवाळीनंतर पोट फुगायचं थांबलं. टमरेल घेऊन पळणं थांबलं. संक्रांतीला बांगड्या भरायला गेली तर कासारीण म्हणाली, मागच्या मापाच्या आता चढत न्हाईत गं. ते ऐकून मनीषाला इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत ती मनगट बघत होती. एका सकाळी तिनं भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत न टेकता आणला. कोणी बघावं असं तिला फार वाटलं होतं, पण दारात कोणी नव्हतं.

तोवर रानात तिची स्वतःची ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. दसऱ्यानंतर पेरणीच्या वेळी तिनं शिवशंकरमागं लकडा लावला होता की, विहिरीकडची एक पट्टी ज्वारीला द्या. रायभान कबूल होईना. ज्वारी कोण काढणार, म्हणाला. सोयाबीनला मशीन येतं, ज्वारीला माणूस वाकावं लागतंय. आणि पाखरं अर्धी खात्यात. शिवशंकरनं मग बायकोचं नाव काढलं नाही, कडब्याचं काढलं. उन्हाळ्यात मेंढरं काय खातील, बैल काय खाईल, म्हणाला. कडबा म्हटल्यावर म्हातारा विरघळला. सुनेच्या पोटासाठी जी पट्टी मिळाली नसती ती मेंढरांच्या पोटासाठी मिळाली. मनीषाला ते कळत होतं. पट्टी मिळाली ना, एवढंच तिनं धरलं.

दाणा भरला तेव्हा ती भल्या सकाळी माळ्यावर चढून गोफण फिरवायची. दिवस वर आला की घशाला कोरड पडेस्तोवर हाकारे. शिवरात्रीच्या सुमाराला दोघांनी मिळून ज्वारी काढली. एकेक धाट मुळासकट उपटायचं, मुळाची माती पायावर झटकायची, पेंढी बांधायची. पानांच्या कडांनी दंड, मान, गाल कापले. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर परत फोड आले. मळणीयंत्र दारापुढून जात होतं, पण त्यात सगळ्यांचा गहू निघालेला. म्हणून कणसं खुडून गोणपाटावर पसरली आणि मोगरीनं बडवली. वाऱ्याला तोंड करून उधळली. शेवटी मोत्यासारखी पांढरी ज्वारी पोत्यांत भरली. रायभान येऊन कडब्याची गंजी बघून गेला आणि यंदा साधलं बरूबर, म्हणाला.

होळीच्या पुढंमागं तिची पाळी चुकली.

साखराबाईला कळलं तशी ती बाई पार बदलून गेली. तिनं मनीषाच्या हातातलं झाडणं घेतलं, पाणी भरायचं शिवशंकरवर टाकलं, मेंढरांच्या लेंड्या काढायला रायभानला लावलं. ज्वारी निवडायची, वाळवायची, गिरणीत न्यायची, हेही तिनं स्वतःकडं घेतलं. गुडघे धरलेले, तरी टाकीचा दिवस आहे म्हटल्यावर टोपलं डोक्यावर घेऊन डुलत डुलत जायची. तिनं आणलेल्या पिठाची भाकरी इतकी सुरेख व्हायची की मनीषाला नवल वाटायचं. फाटत नाही, तुटत नाही, तव्यावर टम्म फुगते. घरची ज्वारी ती घरची ज्वारी, यंदाच्या दाण्याला विरी काही औरच, असं तिनं शिवशंकरला दोनदा सांगितलं.

चैत्र सरता सरता पोट परत फुगायला लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं, दिवस राहिलेत म्हणून असंल. मग जुलाब सुरू झाले. उन्हाच्या वेळी अंगात उभं राहायचं बळ राहिना. ती आठवून आठवून बघायची, काय खाल्लं, कुणाकडं खाल्लं. वरणात हिंग घालायचीसुद्धा बंद केली, हिंगाच्या डबीत मैदा असतो असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. भांडी राखेनं घासली, तवा जाळात लाल केला. काही उपयोग झाला नाही. साखराबाई तिला उठवून बसवायची, भाकरीचा काला दुधात कुस्करून चमच्यानं भरवायची, अजून दोन घास खा, दोन जिवांची हायस, म्हणायची. मनीषा खायची.

वैशाखाच्या कडक दुपारी पोटात कळा आल्या. जीप बघेस्तोवर, परतूरला पोचेस्तोवर, सगळं संपलं होतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बाहेर माणसं यायची, बसायची, चहा घेऊन जायची. रायभान त्यांना सांगायचा, ते भिंतीपलीकडून तिला ऐकू यायचं. एवढे महिने गव्हाला शिवली न्हाई, घरात दोन तवे झाले, गावात नाचक्की झाली, काय झालं? गेलंच ना? गव्हाचा काय संबंध न्हवता. डॉक्टरनं आपल्याला येडं केलं. मनीषा ऐकायची, आणि सगळ्यात वाईट हे की, तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

शिवशंकर तिला परत संभाजीनगरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हिवाळ्यातल्या तपासणीत रक्तातले जे आकडे उतरले होते ते परत वर गेलेत, म्हणाल्या. पोटात गहू जातोय. मनीषा नाही म्हणाली. बाई थकलेल्या होत्या, बाहेर माणसांची रीघ लागली होती. त्यांनी शिवशंकरकडं बघून सांगितलं की, रक्तात दिसतंय ते दिसतंय, चोरून खाणारे पेशंट आम्हाला रोज भेटतात, नुकसान त्यांचंच होतं.

 एसटीनं जालना मागं टाकल्यावर शिवशंकर तिच्या कानाशी वाकला.

“खरं सांग. कधी खाल्लीस का पोळी? मन झालं असंल. मी कोणाला सांगणार न्हाई.”

तो हे मायेनं विचारत होता. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मनीषाला जास्त लागलं. तिनं मान खिडकीकडं वळवली. गरम वारा तोंडावर येत होता. न्हाई म्हणून काय होणार? डॉक्टरीणबाईंना न्हाई म्हणूनच झालं होतं. तिनं काही उत्तर दिलं नाही, आणि त्या गप्प बसण्याचा त्यानं काय अर्थ काढला हे तिला त्याच्या पुढच्या सुस्काऱ्यावरून कळलं.

पुढं काही दिवसांनी गिरणीत टाकी मारली. साखराबाईनं टोपलं भरून, फडकं बांधून ठेवलं होतं, पण सकाळी उठली ती गुडघा सुजूनच. मनीषा म्हणाली, मी जाते. साखराबाई नको नको म्हणत होती, तुला झेपणार न्हाई, म्हणत होती. मनीषानं टोपलं उचललं. वाटेत तीनदा टेकली.

गिरणीत दगड नुकते बसवलेले. बाहेर बाया रांगेत होत्या, आज त्या काही बोलल्या नाहीत. पोट गेलेल्या बाईला काय बोलायचं. नजीरभाईनं फडकं सोडलं, ओंजळ भरून गिरणीच्या तोंडाशी नेली आणि हात थांबवला. त्यानं ओंजळीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“सूनबाई, ह्यात गहू हाय. मागच्या दोन वेळाबी होता. मला वाटलं, आता चालतंय तुम्हाला.”

मनीषानं टोपल्यात हात घातला. पांढऱ्या ज्वारीत तांबूस, लांबट दाणे. चुकून पडलेले दोनचार नव्हेत. मुठीनं टाकून, वरखाली करून, नीट कालवलेले. तिनं फडकं परत बांधलं. नजीरभाई काहीतरी विचारत होता, गौहर काट्यापासून उठून जवळ आली होती. मनीषानं टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघाली. जाताना ती कुठंच टेकली नाही.

साखराबाई ओसरीत गुडघ्याला रुईचं पान बांधत बसली होती. मनीषानं टोपलं तिच्यापुढं ठेवलं, फडकं सोडलं.

“आत्या, ह्यात गहू कोणी घातला?”

साखराबाईनं लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलं असं तिला वाटतच नव्हतं. मीच घातला, म्हणाली. मूठभर तर हाय. तुझ्या भाकरी तुटायच्या, तुकडे खायचीस, बघवत न्हवतं. आणि दिवस राह्यल्यावर नुसत्या ज्वारीवर कसं भागंल? मग ती सांगत गेली. तिच्या पहिल्या खेपेला ते पार भोकरदनकडं मेंढरं घेऊन गेले होते. रानात पाल ठोकलेलं. ज्वारीच्या कण्या आणि ताक, दुसरं काही नाही. लेकरू झालं तर अंगावर दूध नाही. ज्यांच्या रानात मेंढरं बसली होती त्या घरची बाई आली आणि तिनं गव्हाच्या पिठाची लापशी करून घातली, तूप टाकून. दुसऱ्या दिवशी दूध उतरलं. तेच लेकरू शिवशंकर. तेव्हापासून साखराबाईला एक पक्कं माहीत होतं. ज्वारी गरिबाची, पोट भरती. ताकद गव्हात असती.

“मी काय इख घातलं का तुला?” ती शेवटी म्हणाली.

मनीषाला भांडायचं होतं. पण समोर भांडायला शत्रू नव्हता. रुईचं पान बांधलेला सुजलेला गुडघा होता. तिनं टोपलं उचललं आणि नेऊन मेंढरांपुढं उपडं केलं.

संध्याकाळी शिवशंकर रानातून आला. तिनं सांगितलं. तो खाली बसला. एसटीत विचारलेलं त्याला आठवलं असावं, कारण तो तिच्याकडं बघेना. म्हणाला, “आई काय वाईटानं करती का?”

“वाईटानं न्हाई केलं,” मनीषा म्हणाली. “पण माझ्या पोटाला ते कळतंय का?”

 चूक तुझी न्हवती, एवढं तरी तो म्हणेल म्हणून ती थांबली. तो उठून बैलाला पाणी दाखवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पोत्यातली ज्वारी स्वतः काढली, स्वतः निवडली. गिरणी आता परत गव्हावर चालू झाली होती. घरातलं जुनं जातं गोठ्यात पालथं पडलं होतं, लग्नातल्या हळदीपुरतं निघायचं. तिनं ते ओढत बाहेर आणलं, पाण्यानं घासलं, उन्हात वाळवलं. मग पाय पसरून दळायला बसली. दोन फेरे झाले की हात गळून पडायचा. जरा थांबायची, घाम पुसायची, परत खुंटा धरायची. पीठ जाडंभरडं पडत होतं. त्याच्या पुढच्या सकाळी तिनं अंगणात, मेंढरांच्या कुंपणापाशी, तीन दगड मांडले. तवा आणला, काठवट आणली. आणि साखराबाईला सांगितलं की, आजपासून पोळ्या मी करणार न्हाई, घरातल्या गव्हाच्या पिठाला मी हात लावणार न्हाई.

अंगणात दुसरी चूल दिसली की गावाला एकच कळतं. येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबून बघू लागला. रायभानचा चुलतभाऊ काठी टेकत आला आणि वाटणी कधी झाली म्हणून विचारून गेला. तो गेल्यावर रायभान बाहेर आला. पायांत वहाणा नव्हत्या, आवाज चढला होता. माझ्या जिवंतपणी माझ्या दारात दोन चुली, म्हणाला. गाव थुंकंल माझ्या तोंडावर.

मनीषानं पदर सारखा केला. “मामा, वाटणी न्हाई, काय न्हाई. रान तेच, घर तेच. फक्त माझी भाकर इथं होईल.”

“मंग पोळ्या कोण करणार?”

 तिनं काटक्या मोडून चुलीत सारल्या. म्हातारा थुंकला आणि आत गेला.

आभाळ भरून येत होतं, पण पावसाचं नव्हतं. नुसतं गदमदत होतं. धूर वर जाईना, जमिनीलगत पसरत होता आणि मेंढरं शिंकत होती. मनीषा भाकरी थापू लागली. भरड पीठ, कडा फाटत होत्या. ती पाण्याचा हात लावून सांधत होती. घरातून करपल्याचा वास आला. मग साखराबाईचा आवाज आला, कणीक सैल झाली, अजून पीठ घाल. आणि शिवशंकरचं लाटणं पोळपाटावर आपटलेलं ऐकू आलं. त्यानं जन्मात लाटणं धरलं नव्हतं. मनीषाचे गुडघे आपोआप हलले. उठायची सवय होती. ती उठली नाही.

थोड्या वेळानं साखराबाई दारात आली. भिंतीला धरून एकेक पायरी उतरली आणि चुलीपासून लांबच थांबली. मनगटापर्यंत हातांना गव्हाचं पीठ होतं. ते हात तिनं अंगापासून दूर धरले होते, कुठं ठेवावेत हे कळत नसल्यासारखे.

“माझ्या मुठीनंच गेलं का गं ते?” तिनं विचारलं.

न्हाई म्हणणं सोपं होतं. सगळं घर तेच ऐकायला टपलेलं होतं. आत लाटणंसुद्धा थांबलं होतं. मनीषानं तव्यावरची भाकरी उलटली.

“मला नक्की काय माहीत, आत्या,” ती म्हणाली. “पण मला तरी तसंच वाटतंय.”

  साखराबाई हात धुऊन येईल, जवळ बसेल, असं क्षणभर मनीषाला वाटलं. पण सासूनं आपल्या हातांकडं एकदा बघितलं आणि आल्या पावली, पायरी पायरीनं, आत गेली. दार तिनं लोटून घेतलं. आत परत लाटणं सुरू झालं.

मनीषानं भाकरी जाळापुढं उभी केली. ती फुगली नाही, एका बाजूला काळी पडली. तिनं तशीच घेतली, वर तेल-तिखट घातलं आणि तिथंच, तीन दगडांपुढं बसून खाऊ लागली. रस्त्यावरून कोणीतरी वाकून बघत होतं. भाकरी जाड होती, दाताखाली कचकच करत होती. चावून चावून जबडा दुखला. ती संपवून तिनं काठवटीत परत पीठ घेतलं आणि दुसरी थापली.